परीक्षेतील गैरमार्गाचा आरोप आणि विद्यार्थ्याचे उत्तर : चामोर्शी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

शालेय परीक्षेत कॉपी केल्याचा आरोप विद्यार्थ्याच्या शैक्षणिक वाटचालीवर दूरगामी परिणाम करणारा असतो. परीक्षेची विश्वासार्हता टिकवण्यासाठी गैरमार्गास आळा घालणे जितके आवश्यक आहे, तितकेच आरोप झालेल्या विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेणेही आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ ते २०११ या काळातील महत्त्वाच्या निर्णयांचा, विशेषतः महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाशी संबंधित १९९१ च्या निर्णयाचा आधार घेऊन आरोपास उत्तर कसे द्यावे, याचे विवेचन केले आहे. चामोर्शीसारख्या वनव्याप्त तालुक्यातील भाषा, अंतर व उपजीविका यांमुळे या प्रक्रियेत निर्माण होणाऱ्या अडचणींचाही येथे विचार केला आहे.

बीजशब्द : गैरमार्ग, कारणे दाखवा नोटीस, नैसर्गिक न्याय, लेखी जबाब, संभाव्यतेचा कल, चामोर्शी.

प्रस्तावना

शिक्षणप्रक्रियेत मूल्यमापनास अनन्यसाधारण महत्त्व आहे. दहावी व बारावीच्या परीक्षांवर विद्यार्थ्याचा पुढील प्रवेश, शिष्यवृत्ती व नोकरी अवलंबून असल्याने या परीक्षा निर्दोष असाव्यात, अशी समाजाची रास्त अपेक्षा असते. या अपेक्षेतूनच महाराष्ट्रात १९८२ साली विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांमधील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम संमत झाला. त्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. पुढील काळात भरारी पथके, बैठी पथके व कॉपीमुक्त अभियान यांनी परीक्षा केंद्रांवरील देखरेख उत्तरोत्तर कडक होत गेली. ही बाब स्वागतार्हच आहे.

परंतु देखरेख जितकी कडक होते, तितकी आरोपांची शक्यताही वाढते. आणि प्रत्येक आरोप खराच असतो असे नाही. बाकाखाली पडलेली चिठ्ठी, शेजारच्या विद्यार्थ्याशी जुळणारे उत्तर, तळहातावरील शाईचे डाग अशा गोष्टींवरून संशय निर्माण होतो. त्या क्षणी पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी काय बोलतो, कशावर स्वाक्षरी करतो आणि त्यानंतर काय लिहून देतो, यावर त्याच्या निकालाचे भवितव्य ठरते. कॉपी करू नये, हे शाळेत सर्वजण सांगतात. आरोप झाल्यास काय करावे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. ही उणीव भरून काढण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे.

उद्दिष्टे

१) गैरमार्गाच्या आरोपाचे स्वरूप व त्यावरील कार्यवाही समजून घेणे.
२) या विषयावरील न्यायालयीन भूमिकेचा आढावा घेणे.
३) चामोर्शी परिसरातील विद्यार्थ्यांच्या विशिष्ट अडचणींचा विचार करणे.
४) विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यासाठी व्यवहार्य मार्गदर्शन सुचवणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो अधिनियम व न्यायनिर्णय यांवर आधारित आहे. स्थानिक परिस्थितीचे विवेचन परिसराच्या सर्वपरिचित सामाजिक वास्तवास धरून केले आहे.

विषय विवेचन

१. आरोपाचे स्वरूप

‘कॉपी’ हा शब्द आपण सरसकट वापरतो. प्रत्यक्षात त्यात भिन्न कृतींचा समावेश होतो. अनधिकृत साहित्य जवळ बाळगणे, त्याचा उपयोग करणे, दुसऱ्याचे उत्तर पाहणे, दुसऱ्यास उत्तर दाखवणे, स्वतःच्या जागी अन्य व्यक्तीस बसवणे, गुणांत फेरफार करणे आणि संपूर्ण केंद्रावर सामूहिक गैरप्रकार होणे, या गोष्टी एकसारख्या नाहीत. राज्य मंडळाच्या शिक्षासूचीतही गैरमार्गाच्या प्रकारानुसार शिक्षेचे स्वरूप बदलते. म्हणून आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे, हा विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न असावा. ‘मी कॉपी केली नाही’ हे उत्तर ‘चिठ्ठी जवळ होती’ या आरोपास पुरेसे ठरत नाही. कारण चिठ्ठी जवळ बाळगणे हाच स्वतंत्र गैरमार्ग मानला जाऊ शकतो.

शाळेच्या घटक चाचणीत किंवा सत्र परीक्षेत असा प्रकार आढळल्यास वर्गशिक्षक व मुख्याध्यापक यांच्या पातळीवर निर्णय होतो. मंडळाच्या परीक्षेत मात्र पर्यवेक्षक किंवा भरारी पथक केंद्रसंचालकांकडे अहवाल देते, आक्षेपार्ह साहित्य व उत्तरपत्रिका ताब्यात घेतली जाते, विद्यार्थ्याचा लेखी जबाब नोंदवला जातो आणि प्रकरण विभागीय मंडळाकडे जाते. गडचिरोली जिल्ह्यासाठी हे विभागीय मंडळ नागपूर येथे आहे. निर्णय होईपर्यंत विद्यार्थ्याचा निकाल राखून ठेवला जातो. म्हणजेच परीक्षागृहातील घटना आणि अंतिम निर्णय यांच्यामध्ये काही कालावधी असतो. आरोप म्हणजे निर्णय नव्हे. या मधल्या कालावधीत आपले म्हणणे मांडण्याची संधी विद्यार्थ्यास असते, हे सर्वप्रथम लक्षात घेतले पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. २०२४ साली केंद्र शासनाचा सार्वजनिक परीक्षांतील अनुचित मार्गांस प्रतिबंध करणारा अधिनियम लागू झाल्यापासून कॉपी करणाऱ्या शाळकरी विद्यार्थ्यास मोठी कैद होते, असा समज काही पालकांमध्ये आढळतो. तो अधिनियम मुख्यतः केंद्रीय भरती व प्रवेश परीक्षांना लागू असून त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या व्यक्ती, टोळ्या व संस्थांवर आहे. राज्य मंडळाची दहावी-बारावीची परीक्षा त्यात येत नाही. राज्याच्या १९८२ च्या अधिनियमाखाली मात्र गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. अशा वेळी अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळापुढे जाते, सर्वसाधारण फौजदारी न्यायालयापुढे नव्हे.

२. म्हणणे ऐकून घेण्याचा अधिकार

१९५४ साली उत्तर प्रदेशातील इंटरमिजिएट परीक्षेस बसलेले तीन विद्यार्थी उत्तीर्ण म्हणून घोषित झाले. काही महिन्यांनी त्यांचा निकाल रद्द करण्यात आला व पुढील परीक्षेस बसण्यास त्यांना मनाई करण्यात आली. त्यापूर्वी त्यांना कोणीही काही विचारले नव्हते. घनश्यामदास गुप्ता यांच्या नावाने ओळखले जाणारे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९६२ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, परीक्षा समितीस विद्यार्थ्याचे भवितव्य बाधित करणारा निर्णय घ्यावयाचा असल्याने तिचे कार्य न्यायिकसदृश आहे. सबब नियमात स्पष्ट तरतूद नसली तरी विद्यार्थ्यास आपली बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतून तात्पुरत्या निलंबित केलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात असेच तत्त्व गॉस विरुद्ध लोपेझ या प्रकरणात १९७५ साली मांडले. शिस्तीच्या कारवाईपूर्वी विद्यार्थ्याचे ऐकून घेण्याचा विचार आपल्याकडे त्याही आधी रुजला होता, ही उल्लेखनीय बाब होय.

तथापि या अधिकारास एक मर्यादा आहे. बिहारमधील एका केंद्रावर १९६९ साली मोठ्या प्रमाणावर सामूहिक गैरप्रकार झाल्याने तेथील संपूर्ण परीक्षाच रद्द करण्यात आली. त्यावर १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जेथे एका विशिष्ट विद्यार्थ्यास दोषी ठरवले जात नसून परीक्षाच अविश्वसनीय ठरली आहे, तेथे प्रत्येकास स्वतंत्र सुनावणी देण्याची आवश्यकता नाही. अशा प्रसंगी प्रामाणिक विद्यार्थ्यासही पुन्हा परीक्षा द्यावी लागते. सामूहिक कॉपीमुळे सर्वाधिक नुकसान त्या केंद्रावरील अभ्यासू विद्यार्थ्यांचे होते, ही गोष्ट कॉपीस ‘मदत’ समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

३. महाराष्ट्रातील १९९० चे प्रकरण

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रकरण मार्च १९९० च्या माध्यमिक शालान्त परीक्षेचे आहे. त्या परीक्षेत २८३ परीक्षार्थींच्या बाबतीत नियामकांच्या गुणपत्रकांत फेरफार झाल्याचे आढळले. मंडळाने सात चौकशी अधिकारी नेमले. परीक्षार्थींना कारणे दाखवा नोटिसा देण्यात आल्या. कोणत्या विषयात मूळ गुण किती होते व फेरफारानंतर ते किती झाले, याची माहिती नोटिशीत होती. कागदपत्रे पाहण्याची, पुरावा देण्याची व साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची मुभा होती. पालकांना उपस्थित राहता येत होते, परंतु वकिलामार्फत बाजू मांडण्याची परवानगी नव्हती. परीक्षार्थींना एक लेखी प्रश्नावलीही भरावयास देण्यात आली. बहुतेकांनी गुण वाढवले गेल्याचे मान्य केले. मात्र त्यात आपला किंवा पालकांचा सहभाग असल्याचे नाकारले. ३१ ऑगस्ट १९९० च्या अधिसूचनेने निकाल रद्द होऊन ऑक्टोबर १९९० व मार्च १९९१ च्या परीक्षांस बसण्यास मनाई झाली.

मुंबई उच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द ठरवली. परंतु १२ मार्च १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचे अपील मान्य केले. के. एस. गांधी प्रकरण म्हणून हा निर्णय प्रसिद्ध आहे. त्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट पुराव्याच्या मोजमापाविषयी आहे. फौजदारी खटल्यात आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. शैक्षणिक चौकशीत तसे नसते. तेथे उपलब्ध परिस्थितीवरून संभाव्यतेचा कल कोणत्या बाजूस आहे, एवढे पाहिले जाते. ‘कोणी प्रत्यक्ष पाहिले नाही’ हा बचाव म्हणूनच येथे टिकत नाही. गुणवाढीचा लाभ परीक्षार्थीस होत असल्याने ती त्याच्या किंवा त्याच्या वतीने कोणाच्या तरी प्रयत्नाने झाली असावी, असा निष्कर्ष परिस्थितीवरून काढता येतो, असे न्यायालयाने मानले. दुसरी गोष्ट अशी की, वकील नसणे म्हणजे अन्याय नव्हे. नोटीस, कागदपत्रांची पाहणी व उत्तराची संधी मिळाली असेल तर प्रक्रिया न्याय्य मानली जाते. तिसरी गोष्ट अशी की, निर्णयात सविस्तर कारणे लिहिलेली नसली तरी चौकशीच्या अभिलेखातून ती दिसून येत असतील तर तेवढ्याने निर्णय रद्द होत नाही.

या तिन्ही गोष्टींचा अर्थ एकच आहे. प्रकरणाचा निकाल मुख्यतः अभिलेखातील कागदांवर लागतो. त्या कागदांमध्ये विद्यार्थ्याचा स्वतःचा कागद किती स्पष्ट व विश्वसनीय आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. नुसता नकार म्हणजे उत्तर नव्हे; संशय निर्माण करणाऱ्या परिस्थितीचा उलगडा करणे म्हणजे उत्तर.

४. जुळणाऱ्या उत्तरांचा प्रश्न

उत्तर प्रदेशातील बागलेश्वर प्रसाद यांच्या प्रकरणात हिंदीच्या प्रश्नपत्रिकेतील दोन परीक्षार्थींच्या चुका एकसारख्या होत्या. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या १९६२ च्या या निर्णयात असे साम्य हा ग्राह्य पुरावा मानला गेला. चौकशी समितीने प्रामाणिकपणे काढलेल्या निष्कर्षात न्यायालयांनी सहजासहजी हस्तक्षेप करू नये, असेही त्यात सांगितले आहे. बरोबर उत्तरे जुळणे स्वाभाविक असते. चुकाही शब्दशः जुळल्या तर संशय बळावतो, असा यामागील तर्क आहे.

हा तर्क योग्य असला तरी त्याला एक अपवाद संभवतो आणि तो ग्रामीण भागात विशेष महत्त्वाचा आहे. एकाच शिक्षकाने फळ्यावर लिहून दिलेल्या टिपणांवर किंवा एकाच मार्गदर्शिकेवर संपूर्ण वर्ग अभ्यास करतो. त्या टिपणात एखादे साल किंवा सूत्र चुकीचे असेल तर ती चूक वर्गातील अनेक उत्तरपत्रिकांत दिसेल. अशा वेळी ‘मी पाहून लिहिले नाही’ एवढेच म्हणण्याऐवजी आपली वही सादर करून ते पान दाखवावे. वर्षभर जपलेली वही हा विद्यार्थ्याचा सर्वांत बलवान साक्षीदार ठरू शकतो. निकाल लागेपर्यंत वह्या रद्दीत देऊ नयेत, हा साधा सल्ला या दृष्टीने मोलाचा आहे.

५. चामोर्शी परिसरातील अडचणी

वैनगंगेच्या खोऱ्यातील चामोर्शी तालुका मार्कंडादेव येथील प्राचीन मंदिरसमूहामुळे सर्वपरिचित आहे. येथे मराठीच्या झाडीबोलीसह गोंडी व तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनामुळे बंगाली भाषक गावेही आहेत. घोट येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. परिसरात आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या व खाजगी अनुदानित शाळा आहेत. अशा परिसरात आरोपास उत्तर देताना तीन अडचणी प्रकर्षाने जाणवतात.

पहिली अडचण भाषेची. घरी गोंडी किंवा बंगाली बोलणारा विद्यार्थी प्रमाण मराठीत उत्तरपत्रिका लिहू शकतो. परंतु घाबरलेल्या अवस्थेत कार्यालयीन मराठीतील जबाब त्याला नीट समजेलच असे नाही. ‘उपरोक्त साहित्य माझ्या ताब्यात आढळून आले’ या वाक्यावर स्वाक्षरी करताना आपण कबुली देत आहोत, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी अडचण अंतराची. चामोर्शीहून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. सुनावणीस पालकांसह जायचे म्हणजे प्रवासखर्च व बुडालेली मजुरी आली. ‘जाऊन काय होणार’ या निराशेतून सुनावणीस न जाण्याचा निर्णय घेतला जातो आणि प्रकरण एकतर्फी निकाली निघण्याचा धोका निर्माण होतो.

तिसरी अडचण हंगामाची. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. त्यानंतर मोहफुले वेचण्याचा व पुढे तेंदूपत्ता संकलनाचा हंगाम असतो. अनेक कुटुंबांचे वर्षाचे रोख उत्पन्न या काही आठवड्यांवर अवलंबून असते आणि घरातील सर्वजण पहाटेपासून जंगलात असतात. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी उन्हाळ्यात गावी परतलेला असतो. शाळेच्या पत्त्यावर आलेली नोटीस या काळात त्याच्या हाती वेळेवर पडणे कठीण असते. मुदत संपल्यावर नोटीस मिळाली तर निर्दोष विद्यार्थीही निरुत्तर ठरतो. म्हणून मंडळाची नोटीस विद्यार्थ्याच्या घरापर्यंत पोहोचवणे ही शाळेची जबाबदारी मानली पाहिजे.

६. आरोपास उत्तर देण्याची पद्धती

वरील विवेचनाच्या आधारे विद्यार्थी व पालक यांनी पुढील क्रम पाळावा.

अ) परीक्षागृहात : वाद घालू नये, कोणतीही वस्तू फेकू, फाडू किंवा लपवू नये. तसे केल्यास मूळ आरोपात पुरावा नष्ट करण्याच्या दुसऱ्या आरोपाची भर पडते. चिठ्ठी आपली नसल्यास तिच्यावरील अक्षर आपल्या अक्षराशी पडताळून पाहावे, अशी विनंती त्याच वेळी करावी. जबाब वाचल्याशिवाय, न समजल्यास समजावून घेतल्याशिवाय, स्वाक्षरी करू नये. मजकूर मान्य नसेल तर स्वाक्षरीजवळच ‘मजकूर मान्य नाही’ असे लिहून आपले म्हणणे दोन ओळींत नोंदवावे.

आ) त्याच दिवशी : घरी किंवा वसतिगृहात पोहोचताच घडलेला प्रसंग क्रमाने लिहून काढावा. वेळ, बाकाची जागा, चिठ्ठी कोठे सापडली, कोण काय बोलले, हे सर्व तारखेसह लिहावे. आठवणी लवकर पुसट होतात; महिन्याभराने सुनावणी झाल्यास हेच टिपण उपयोगी पडते. पालकांना त्याच दिवशी सांगावे. उर्वरित विषयांचा अभ्यास थांबवू नये.

इ) नोटीस आल्यावर : मुदतीची तारीख प्रथम पाहावी. अहवाल, आक्षेपार्ह साहित्य व उत्तरपत्रिका पाहण्याची लेखी मागणी करावी. परीक्षार्थीस स्वतःची उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात ९ ऑगस्ट २०११ रोजी स्पष्ट केले आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली सर्वसाधारणपणे तीस दिवसांत माहिती द्यावी लागते आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे. मात्र नोटिशीची मुदत तीस दिवसांहून कमी असू शकते. त्यामुळे केवळ या अर्जावर विसंबून न राहता मंडळाकडेही थेट पाहणीची मागणी करावी.

ई) खुलासा : तो लेखी, संक्षिप्त व मुद्देसूद असावा. शिक्षकांवर किंवा सहाध्यायांवर प्रत्यारोप, आपल्या गरिबीचे वर्णन व दयेची याचना यांपेक्षा वस्तुस्थितीला प्राधान्य द्यावे. पुढील नमुना मार्गदर्शक ठरू शकेल.

‘मा. विभागीय सचिव यांस, (मुख्याध्यापकांमार्फत). विषय : दि. … च्या कारणे दाखवा नोटिशीबाबत खुलासा. महोदय, माझा बैठक क्रमांक … असून मी दि. … रोजी … या विषयाची परीक्षा दिली. माझ्याजवळ चिठ्ठी आढळल्याचा आरोप मला मान्य नाही. सदर चिठ्ठी माझ्या बाकाच्या डाव्या बाजूस जमिनीवर होती. ती माझ्या हातात किंवा खिशात नव्हती. चिठ्ठीवरील अक्षर माझे नाही. पडताळणीसाठी माझी वही सोबत जोडत आहे. चिठ्ठीतील मजकुरावर आधारित प्रश्न मी सोडवलेला नाही, हे उत्तरपत्रिकेवरून दिसून येईल. केंद्रावरील जबाबाचा मजकूर मला वाचून दाखवण्यात आला नव्हता. मला पालकांसह प्रत्यक्ष सुनावणी मिळावी, ही विनंती. आपला/आपली विश्वासू, …’

या नमुन्यातील प्रत्येक वाक्य तपासून पाहता येण्याजोगे आहे, हे येथे लक्षात घ्यावे. जे घडले नाही ते केवळ नमुन्यात आहे म्हणून लिहू नये. एक असत्य विधान उघड झाले तर उरलेल्या खऱ्या विधानांवरचाही विश्वास उडतो. खुलाशाची पोच घेऊन एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

उ) निर्णयानंतर : निर्णय लेखी मागावा. फेरविचाराची सोय असल्यास मुदतीत अर्ज करावा. म्हणणे न ऐकताच निर्णय झाला असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार बालके, महिला तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा गडचिरोली येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याशी संपर्क साधावा.

७. चूक खरोखर घडली असल्यास

आरोपास उत्तर देणे म्हणजे प्रत्येक आरोप नाकारणे नव्हे. चूक घडली असेल तर ती स्पष्टपणे मान्य करणे नैतिकदृष्ट्या योग्य व व्यवहारदृष्ट्याही हितावह असते. मात्र जे केले तेवढेच मान्य करावे. चिठ्ठी नेली पण वापरली नाही, असे असेल तर तेच लिहावे. दुसऱ्याचे नाव दबावाखाली घेऊ नये, तसेच मित्रास वाचवण्यासाठी त्याचा दोष स्वतःवर ओढूनही घेऊ नये. परीक्षेस बसण्याची मनाई ठरावीक परीक्षांपुरती असते, ती आयुष्यभराची नसते. पालकांनी ही गोष्ट मुलास त्या दिवशीच सांगणे आवश्यक आहे. कारण अपमान व भीती यांच्या भरात मुले टोकाचा विचार करू शकतात. मानसिक आधारासाठी १४४१६ ही ‘टेलिमानस’ व १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी विनामूल्य उपलब्ध आहे.

८. शिक्षकांची जबाबदारी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार सहा ते चौदा वयोगटातील बालकास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. त्याहून मोठ्या, परंतु अठरा वर्षांखालील मुलांना बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ चे संरक्षण आहे. त्यामुळे संशयित विद्यार्थ्यास वर्गासमोर उभे करणे, प्रार्थनेच्या वेळी त्याचे नाव घेणे किंवा ‘लिहून दे, सोडून देतो’ असे सांगून कबुली मिळवणे या प्रथा सर्वथा त्याज्य आहेत. अशा कबुलीने खरा प्रकारही उघड होत नाही. विद्यार्थी केवळ सुटकेचा मार्ग म्हणून सही करतो.

अलीकडे प्रकल्पकार्य व गृहपाठ यांबाबत नवा प्रश्न उभा राहिला आहे. लेखन कृत्रिम बुद्धिमत्तेने केले की विद्यार्थ्याने, हे ओळखण्याचा दावा करणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु ‘ओपन एआय’ या कंपनीने अचूकतेच्या अभावी असे आपले साधन जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांच्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी चुकीने यंत्रलिखित ठरवले. परभाषेत बेताच्या शब्दसंपत्तीने लिहिणाऱ्यावर संशयाची सुई आधी वळते, हा यातील धडा आहे. घरची भाषा वेगळी असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो विसरता कामा नये. अशा वेळी विद्यार्थ्याने कच्चा मसुदा दाखवावा व शिक्षकांनी त्याच विषयावर चार तोंडी प्रश्न विचारावेत. यंत्राच्या आकड्यापेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे.

निष्कर्ष

१) गैरमार्गाचा वैयक्तिक आरोप असल्यास विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे, संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द होते तेव्हा हा नियम लागू होत नाही.
२) शैक्षणिक चौकशीत संभाव्यतेचा कल पाहिला जात असल्याने नुसता नकार अपुरा ठरतो, परिस्थितीचा उलगडा आवश्यक असतो.
३) केंद्रावरील जबाब व नंतरचा लेखी खुलासा हे प्रकरणातील निर्णायक कागद होत.
४) चामोर्शी परिसरात भाषा, अंतर व वनोपज हंगाम यांमुळे हक्क असूनही तो वापरता न येण्याची शक्यता अधिक आहे.

शिफारशी

१) जबाब विद्यार्थ्यास समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवून त्याची प्रत द्यावी.
२) शाळेने नोटीस विद्यार्थ्याच्या गावी पोहोचवून पोच घ्यावी व सुनावणीस एक शिक्षक सोबत पाठवावा.
३) दूरच्या तालुक्यांसाठी सुनावणी जिल्हा मुख्यालयी किंवा दूरदृश्य प्रणालीद्वारे घेण्याचा विचार व्हावा.
४) परीक्षेपूर्वीच्या पालक सभेत कॉपीच्या दुष्परिणामांसोबत आरोपास उत्तर देण्याची पद्धतीही समजावून सांगावी.

समारोप

कॉपीमुक्त परीक्षा व न्याय्य चौकशी या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. निर्दोष विद्यार्थी दोषी ठरला तर परीक्षेवरील विश्वास जितका ढळतो, तितकाच तो दोषी विद्यार्थी सुटल्यानेही ढळतो. तेंदूपत्त्याच्या फळीवरून परतलेल्या पालकाच्या हाती नोटीस वेळेत पडली, त्याच्या मुलाने आपले म्हणणे स्वतःच्या शब्दांत लिहिले आणि कोणीतरी ते वाचून मग निर्णय केला, तर शिक्षा झाली तरी ती अन्याय वाटणार नाही. आपल्या शाळांनी एवढी व्यवस्था उभी केली तरी प्रस्तुत लेखनाचा हेतू सफल झाला, असे म्हणता येईल.